रुंद रिमची चाकं घरी बांधताना: कोकणातल्या फॅट-टायर सायकलवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किहीमपासून शिरोड्यापर्यंत पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, चालवण्यासाठी घरच्या घरी फॅट-टायर (खूप जाड टायरची) सायकल जमवणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. फ्रेम आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) तयार आहेत किंवा करून घेणार आहात, हे गृहीत धरलं आहे. इथे विषय फक्त चाकांचा. सगळी मापं मिलिमीटरमध्ये आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फॅट टायर साध्या एमटीबीच्या (माउंटन बाइकच्या) रिमवर चढतो. मग रुंद रिम कशाला?

चढतो, कारण दोघांचा बैठकीचा व्यास (टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला) एकच आहे: ५५९ मिमी. २६×४.० टायरच्या बगलेवर १००-५५९ किंवा १०२-५५९ असं छापलेलं असतं, त्यातला दुसरा आकडा हाच. पण २५ मिमी रुंदीच्या रिमवर १०० मिमीचा टायर विजेच्या बल्बसारखा फुगतो: खाली निमुळता, वर गोल. वाळूसाठी हवा ६ पीएसआयवर (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) आणली की तो रिमवर डावी-उजवीकडे लोळतो, वळणावर कडा सुटते आणि ट्यूब चिमटते. रुंद रिमवर टायरच्या दोन्ही कडा लांब-लांब बसतात, म्हणून कमी हवेतही तो उभा राहतो. वाळूवर सायकल तरते ती कमी हवेमुळे. रुंद रिमचं काम ती कमी हवा सुरक्षित करण्याचं.

२. कोकणासाठी रिम किती रुंद घ्यावी? ६५, ८० की १००?

४ इंची टायर असेल तर ६५. ४.५ ते ४.८ इंची असेल तर ८०. १०० मिमीची रिम मऊ बर्फासाठी ठीक आहे, इथे तिचा तोटाच जास्त. खूप रुंद रिमवर टायर चौकोनी होतो आणि त्याची बगल रिमच्या कडेबाहेर उघडी पडते. आपल्याकडे पुळणीवर पोचायलाच सडा (जांभ्या कातळाचा माळ) आणि जांभ्याची पाणंद ओलांडावी लागते. तुटक्या चिऱ्याची धार सुरीसारखी असते आणि उघडी बगल ती उभी चिरते. ६५ वर ४ इंची टायरचा गोलवा राहतो, नक्षीचा भाग बगलेपेक्षा बाहेर असतो आणि दगड आधी नक्षीला लागतो.

रुंद रिमवर टायरही थोडा रुंदावतो. ६५ वरचा ४ इंची टायर साधारण ९५ भरतो, ८० वर १०० च्या आसपास. फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना किमान ६ मिमी मोकळी जागा हवी. खाजणातल्या चिखलातून जायचं असेल तर १०.

३. दोन चाकांसाठी सामान काय काय लागेल?

३६ भोकांच्या दोन रिमा, डिस्क ब्रेकची दोन हब (चाकाच्या मधले तुंबे), प्रत्येक चाकाला ३६ स्पोक आणि वर ३ जादा (लांबीसाठी प्रश्न ७), तेवढीच पितळी निप्पल (स्पोक रिमला आवळणाऱ्या बारीक नट), दोन रुंद रिम पट्ट्या, फॅट ट्यूब आणि टायर. हत्यारांत निप्पलवर घट्ट बसणारा पाना, स्टीलची पट्टी, शिवणकामाची नव्हे तर पत्र्याची टेप, आणि चाक फिरवायला सायकलचाच उलटा धरलेला फोर्क. फोर्कच्या दोन्ही पायांना झिप-टाय बांधून त्यांची टोकं रिमपर्यंत कापली की आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढायचा स्टँड तयार.

एका गोष्टीत काटकसर करू नका: हवेचा गेज. नेहमीच्या १६० पीएसआयच्या पंपावर ६ आणि ९ मधला फरक दिसत नाही. ० ते १५ किंवा ० ते ३० चा वेगळा गेज घ्या.

४. माझ्याकडे साधं १३५ मिमीचं मागचं हब आहे. तेच वापरता येईल का?

वापरता येईल, पण रिम हबच्या मध्यावर ठेवून नाही. ४ इंची टायर मध्यापासून प्रत्येक बाजूला जवळपास ५० मिमी पसरतो. १३५ च्या हबवर कॅसेटची (मागच्या दातेरी चकत्यांच्या संचाची) सगळ्यात मोठी, आतली चकती मध्यापासून फार तर ३० मिमीवर येते. म्हणजे चेन सरळ टायरमधून जाणार.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, फॅट सायकलसाठीच असलेलं १७० किंवा १९० मिमीचं मागचं हब आणि त्या मापाची फ्रेम. नवीन फ्रेम करून घेणार असाल तर हाच. दुसरा, फ्रेमचा मागचा भाग उजवीकडे सरकवून घेणं. २००५ मध्ये आलेल्या सर्ली या अमेरिकन कंपनीच्या पग्सली सायकलमध्ये हीच युक्ती होती: १३५ चं हब १७.५ मिमी उजवीकडे आणि रिम फ्रेमच्या मध्यावर. अशा चाकाची बांधणी वेगळी असते, ती प्रश्न ११ मध्ये आहे.

पुढच्या चाकाला १०० मिमीचं साधं हब चालत नाही, त्या मापाच्या फोर्कच्या पायांत टायरच मावत नाही. १३५ किंवा १५० चं घ्या. पेडलच्या अॅक्सलचा कप-कोन सेटही लांब लागतो. फॅट फ्रेमला १०० मिमीचं शेल (हा अॅक्सल बसतो ती आडवी नळी) असतं, ६८ च्या शेलमध्ये क्रँक चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीला) घासतो.

५. तयार रिम मिळत नाही किंवा परवडत नाही. दोन स्टीलच्या रिमा जोडून एक रुंद रिम करता येते का?

करता येते, आणि ही कल्पना नवी नाही. १९८० च्या दशकाच्या शेवटी अलास्कात बर्फावर सायकल चालवणाऱ्यांनी दोन रिमा शेजारी जोडूनच पहिली रुंद चाकं केली होती. पण काम घाईचं नाही. एका रिमला अख्खा दिवस धरा.

एकाच बनावटीच्या, ३६ भोकांच्या, २६ इंची (५५९) एकेरी पत्र्याच्या दोन स्टील रिमा घ्या. बाहेरून ३५ मिमी रुंदीच्या दोन रिमांपासून ६२ ते ६४ ची रिम मिळते. नव्या घ्या. गंजलेल्या रिमचा पत्रा सांध्यापाशी कागदासारखा झालेला असतो.

प्रत्येक रिमची आतल्या बाजूला येणारी एक उभी कड कापायची. मार्करने सगळीकडून सारख्या अंतरावर रेघ मारा, ग्राइंडरला १ मिमीची कटिंग डिस्क लावा आणि रेघेच्या बाहेरून कापा. उरलेलं कानशीने रेघेपर्यंत आणा. दोन्ही रिमा काचेवर ठेवल्यावर कापलेली कड सगळीकडे टेकली पाहिजे. जिथून उजेड दिसतो तिथे पुढे वेल्डिंग आत खेचणार आणि रिम वाकणार.

जोडाच्या दोन्ही बाजूंचा २० मिमी पट्टा क्रोम घासून उघडा करा. हे फक्त सांधा धरावा म्हणून नाही. क्रोम किंवा जस्ताच्या मुलाम्यावर वेल्डिंग केलं की निघणारा धूर विषारी असतो. काम उघड्यावर करा आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहा.

आता एक रिम दुसरीवर १८० अंश फिरवून ठेवा. त्यामुळे दोन्ही रिमांचे कारखान्यातले सांधे समोरासमोर येतात, एकाच जागी येत नाहीत. भोकं ३६ असल्यामुळे अशी फिरवूनही ती एकमेकांसमोर जुळतात. हवेच्या व्हॉल्व्हची भोकं मात्र दोन होतील. एक वापरायचं, दुसरं पट्टीखाली जातं.

वेल्डिंग ग्रील-गेटवाल्याच्या साध्या आर्कवर करू नका, या पत्र्याला भोकं पडतात. गाड्यांचं डेंटिंग करणाऱ्याकडे सीओटू वेल्डिंग असतं, तिथे ०.८ च्या तारेवर करून घ्या. आधी घड्याळाच्या १२ आकड्यांवर टाके, तेही समोरासमोर: १२, ६, ३, ९, मग मधले. प्रत्येक चार टाक्यांनंतर रिम काचेवर ठेवून पाहा. मग २०-२० मिमीचे तुकडे, एक इथे तर पुढचा समोर. सलग फिरवलेला सांधा रिमला बशीसारखी वळवतो आणि मग कितीही स्पोक आवळले तरी ती वळ जात नाही.

शेवटची परीक्षा टेपने घ्यायची. टायरची कड जिथे बसते त्या बैठकीचा परीघ ५५९ × ३.१४१६ म्हणजे १७५६ मिमी हवा. पातळ पट्टी फिरवून दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा. १७५४.५ ते १७५७.५ चालेल. कमी भरला तर टायर ढिला बसून कमी हवेत सुटेल, जास्त भरला तर चढणारच नाही. व्यासात १ मिमीची चूक परिघात ३ मिमी दिसते, म्हणून परीघच मोजायचा. व्यास मोजून समाधान मानू नका.

आतला सांधा घासून गुळगुळीत करा, नाहीतर त्याचा एक काटा ट्यूब संपवतो. अशा रिमवर २० पीएसआयच्या वर हवा भरू नका. रंगाचं प्रश्न १४ मध्ये.

६. मग अॅल्युमिनियमच्या दोन रिमा का नाही जोडायच्या? हलक्या होतील की.

रिमचं अॅल्युमिनियम उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेलं असतं. वेल्डिंगच्या आजूबाजूचा पट्टा त्या उष्णतेने पुन्हा मऊ होतो आणि नेमक्या त्याच पट्ट्याशेजारी स्पोक ओढत असतात. कारखान्यात नंतर भट्टीत घालून कडकपणा परत आणतात, घरी ते शक्य नाही. वर एसी टिग वेल्डिंगचं मशीन आणि ते चालवणारा हात लागतो. अॅल्युमिनियमच हवं असेल तर तयार रिम घ्या. स्वस्त फॅट सायकलींच्या सुट्या भागांत एकेरी पत्र्याची ३६ भोकांची रिम मिळते.

७. स्पोकची लांबी कशी काढायची? दुकानदार म्हणतो २६ चे घ्या, पण ते बसत नाहीत.

बसणारच नाहीत. लांबी टायरच्या आकड्यावर ठरत नाही, चार मापांवर ठरते:

• रिमचा परिणामी व्यास. दोन जुने स्पोक २०० मिमीला कापून त्यांवर निप्पल शेवटच्या आट्यापर्यंत चढवा, समोरासमोरच्या भोकांतून घाला, ताणून मधलं अंतर मोजा आणि दोन्हींची लांबी मिळवा. तीन ठिकाणी मोजून सरासरी घ्या. घरी जोडलेल्या रिमवर हे टाळूच नका.
• हबच्या कानावरच्या (स्पोक अडकतात त्या कडेच्या चकतीवरच्या) भोकांच्या वर्तुळाची त्रिज्या.
• रिमच्या मध्यरेषेपासून हबच्या कानापर्यंतचं आडवं अंतर.
• रिमवरची भोकांची ओळ मध्यरेषेपासून किती बाहेर आहे ते.

शेवटचं माप फॅट रिमवरच महत्त्वाचं ठरतं आणि सगळे तेच विसरतात. डाव्या कानाचा स्पोक रिमच्या डाव्या ओळीत गेला तर ते अंतर आडव्या अंतरातून वजा करायचं, उजव्या ओळीत गेला तर मिळवायचं.

आता एक उदाहरण. परिणामी व्यास ५४०, म्हणजे त्रिज्या २७०. कानाची त्रिज्या २९. कानाचं अंतर ३५. ओळ १४ मिमी बाहेर, म्हणून आडवं अंतर ३५ − १४ = २१. ३६ स्पोक आणि तीन छेद (प्रत्येक स्पोक त्याच बाजूच्या तिघांना ओलांडतो) म्हणजे कोन ६० अंश, त्याची कोज्या ०.५.

२७०² + २९² + २१² − (२ × २७० × २९ × ०.५) = ७२९०० + ८४१ + ४४१ − ७८३० = ६६३५२. वर्गमूळ २५७.६. त्यातून कानाच्या भोकाची अर्धी रुंदी, १.३, वजा. उत्तर २५६.३. म्हणून २५६.

ओळ विसरलात तर २५७.८ येतं, आणि चुकून उलट्या ओळीत घातलात तर २६०.१ लागतात. म्हणजे उलट्या ओळीत २५६ चा स्पोक घातला तर तो ४ मिमी आखूड पडतो, निप्पलमध्ये आटे पुरत नाहीत आणि पहिल्याच खड्ड्यात सुटतो. ३२ भोकांच्या चाकाला तीन छेदांसाठी कोन ६७.५ धरा. दोन्ही कानांची अंतरं वेगळी असतील (डिस्कच्या हबवर असतातच), तर दोन्ही बाजूंचं गणित वेगळं करा.

८. स्पोक जाड घ्यावेत का? १२ गेज जास्त मजबूत ना?

१४ गेज (२.० मिमी) पुरेत. १२ गेज (२.६) चा स्पोक स्वतः तुटत नाही, पण फार आवळावा लागतो आणि एकेरी पत्र्याची रिम भोकापाशी चिरते. शिवाय एमटीबी हबच्या कानाचं भोक २.६ चंच असतं, त्यात तो अडकतो. वजन ९० किलोच्या वर असेल किंवा सामान लादणार असाल तर मागच्या चाकाला १३ गेज बघा, भोकात बसतो की नाही ते आधी तपासून.

किनाऱ्यावर स्टेनलेसच घ्या. जस्ताचा मुलामा असलेले स्पोक कोपरापाशी, जिथे वाकवताना मुलामा तडकतो तिथेच, एका पावसात लाल होतात. निप्पल पितळी, निकेल चढवलेली. अॅल्युमिनियमची रंगीत निप्पल देखणी दिसतात, पण खाऱ्या हवेत काही महिन्यांत स्पोकला चिकटतात आणि पाना लावला की गोल होतात. पातळ पत्र्यावर प्रत्येक निप्पलखाली छोटा वॉशर घाला.

९. स्पोक गुंफायचे कसे? पहिल्यांदाच करतोय.

३६ स्पोक चार गटांत, प्रत्येकी ९. हबच्या उजव्या कानात एक भोक सोडून एक असे पहिले ९ घाला, डोकं बाहेर ठेवून. पहिला स्पोक व्हॉल्व्हच्या शेजारच्या उजव्या ओळीतल्या भोकात, पुढचे उजव्या ओळीतच, एकूण भोकांतलं दर चौथं धरून. मग डावा कान: त्याची भोकं उजव्या कानाच्या भोकांच्या मधोमध येतात, म्हणून पहिल्या स्पोकच्या लगतचं भोक घ्या, डाव्या ओळीत. जोडलेल्या रिमवर समोरासमोरच्या जोड्यांपैकी डावीकडची विषम आणि उजवीकडची सम वापरायची, म्हणजे ओळी आपोआप एकाआड एक होतात.

आता हब फिरवा. पहिले १८ स्पोक तिरके होतील. उरलेल्या दोन गटांचे स्पोक कानाच्या उलट बाजूने घाला आणि त्याच बाजूच्या तीन स्पोकांना छेदून न्या: पहिल्या दोनांच्या बाहेरून, तिसऱ्याच्या आतून. टोपली विणताना पट्टी आत-बाहेर जाते तसंच. ते तिसरं आतून जाणं चुकलं तर स्पोक एकमेकांना आधार देत नाहीत आणि चाक चालताना टिकटिकतं.

गुंफून झाल्यावर व्हॉल्व्हकडे पाहा. त्याच्या दोन्ही बाजूंचे स्पोक एकमेकांपासून दूर झुकले पाहिजेत, पंपाचं तोंड आत जायला. जवळ झुकत असतील तर एक भोक चुकलंय. उलगडा, पुढे जाऊ नका.

१०. किती आवळायचं? माझ्याकडे टेन्शन मीटर नाही.

आधी सगळ्या निप्पलांचे आटे जेमतेम झाकले जातील इतपत. मग प्रत्येकाला अर्धा फेरा, व्हॉल्व्हपासून सुरुवात करून व्हॉल्व्हपर्यंत. स्पोक ताठ वाटू लागले की क्रम असा: आधी वर-खाली, मग डावी-उजवी, मग रिम मध्यावर आहे का ते. डावी-उजवी आऊट आधी काढली तर वर-खाली काढताना ती पुन्हा बिघडते. तयार रिमवर १ मिमीच्या आत आणा, जोडलेल्या रिमवर वर-खाली २ मिमी राहिलं तर सोडून द्या. तेवढं टायर खातो. त्या शेवटच्या मिलिमीटरसाठी दोन स्पोक अती आवळण्यापेक्षा सारखा ताण मोलाचा.

एकेरी पत्र्याच्या रिमला कारखान्याने मर्यादा दिली असेल तर तीच पाळा. नसेल तर जास्त ताणाच्या बाजूला ८० ते ९० किलोपर्यंत थांबा. मीटर नसेल तर कानाने: छेदाच्या वरच्या भागात, रिमकडे, स्पोक बोटाने छेडा. एका बाजूचे सगळे स्पोक तंबोऱ्याची जोडतार जुळते तसे एका सुरात हवेत. बद्द आवाजाचा ढिला, शेजाऱ्यांपेक्षा चढा सूर असेल तो अती आवळलेला. डाव्या-उजव्या बाजूंचे सूर मात्र वेगळे असणारच (प्रश्न ११).

शेवटी शेजारचे समांतर स्पोक जोडी-जोडीने मुठीत घेऊन जोरात दाबा, चाकभर. कडकड आवाज येईल, तो पिळलेल्या स्पोकांचा. पुन्हा आऊट तपासा आणि आवाज थांबेपर्यंत हेच करा. हे केलं नाही तर चाक पहिल्याच फेरीत स्वतःच सैल होतं.

११. हब एका बाजूला सरकलेलं आहे (प्रश्न ४). रिम मध्यावर आणताना एक बाजू फारच ढिली राहते.

ताण आडव्या अंतराच्या उलट प्रमाणात वाटला जातो. एका बाजूला २५ आणि दुसरीला ४० असेल तर ४० च्या बाजूचा ताण पहिल्याच्या जेमतेम ६२ टक्के राहतो. १३५ च्या हबचे कान साधारण डावीकडे ३४, उजवीकडे २० असतात. रिम १७.५ ने डावीकडे गेली की डावीकडे १६.५ उरतात आणि उजवीकडे ३७.५ होतात. दोन्ही ओळी नेहमीसारख्या वापरल्या तर हे चाक टिकत नाही.

इथे सगळे ३६ स्पोक रिमच्या उजव्या ओळीतच घाला. ओळ मध्यापासून १४ मिमी उजवीकडे असेल तर अंतरं डावीकडे ३०.५ आणि उजवीकडे २३.५ होतात. साध्या एमटीबीच्या चाकापेक्षाही हे समान आहे. दोन रिमा जोडून केलेल्या रिमचा इथे मोठा फायदा: उजव्या रिमची मूळ ३६ भोकं जशीच्या तशी वापरता येतात. लांबीचं गणित मात्र याच नव्या अंतरांवर करा.

१२. रिम पट्टी रुंद मिळत नाही. काय लावू?

रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा ५ मिमी कमी रुंदीची नायलॉनची पट्टी, बॅगांना लावतात ती. तिची टोकं गरम सुरीने कापा म्हणजे सुटत नाहीत, आणि २० मिमी एकावर एक घेऊन शिवा. ट्रकच्या जुन्या ट्यूबची कापलेली पट्टीही चालते, फक्त वजन वाढतं. वजन कमी करण्यासाठी रिमला मोठी भोकं असतील तर रबर नको: ट्यूब त्यातून फुगा काढते.

१३. हवा किती ठेवायची?

| कुठे | पुढे | मागे |
|---|---|---|
| भुसभुशीत कोरडी वाळू | ४ | ५ |
| ओहोटीची ओली, घट्ट पुळण | ६ | ७ |
| सडा, जांभ्याची पाणंद | ९ | ११ |
| डांबरी रस्ता | १२ | १४ |

आकडे पीएसआयमध्ये, ७० किलोच्या माणसासाठी, ४ इंची टायरवर. दर १० किलोला अर्धा पीएसआय वाढवा. पुळणीवरून थेट पाखाडीच्या पायऱ्यांवर चढू नका. ५ पीएसआयवर रिम सरळ दगडाला लागते. सकाळी थंड घरात भरलेली हवा दुपारच्या वाळूवर थोडी चढते, म्हणून गेज बरोबर न्या.

टायर नवीन चढवताना कड नीट बसावी म्हणून २० पर्यंत भरावी लागते. टायरच्या बगलेवरची मर्यादा, बहुतेकदा ३०, कधीच ओलांडू नका. रिम घरची असेल तर तिची २० ची मर्यादा आधी.

१४. खाऱ्या पाण्यात चालवल्यावर चाकं किती टिकतात? गंज कसा रोखायचा?

किती टिकतात ते त्याच संध्याकाळी काय केलंत त्यावर आहे. चाक नुसतं ओलं झालेलं चालतं, ओलं ठेवलेलं चालत नाही.

जोडलेल्या स्टील रिमला चढवण्याआधी, आत-बाहेर, होड्यांना लावतात तो दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर दोन हात द्या. सांध्याच्या आतल्या बाजूला ब्रशने दाबून भरा. साधा रेड ऑक्साइड इथे पुरत नाही, खारट ओल त्याच्याखालून पसरते आणि रंग पापुद्र्यासारखा सुटतो. भोकांच्या कडाही रंगवा.

दुहेरी पत्र्याच्या अॅल्युमिनियम रिममध्ये पाणी स्पोकच्या भोकांतून आत जातं आणि तिथेच राहतं. चाक कानाशी धरून हलवा: खळखळ ऐकू आली तर आत समुद्र आहे. आतल्या पत्र्यात समोरासमोर ४ मिमीची दोन भोकं पाडा, स्पोकांच्या भोकांच्या मधोमध. धुतल्यावर चाक टांगून सुकू द्या.

धुवायला गोडं पाणीच हवं. किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, त्याने धुतलं तर मिठावर मीठ. बादली आणि फडकं पुरे. जोराचा फवारा हबमध्ये पाणी ढकलतो. निप्पलाभोवती पांढरी पूड दिसली की समजा पितळ आणि अॅल्युमिनियममध्ये मिठाच्या पाण्याने विद्युत-गंज सुरू झालाय. पूड ब्रशने काढा आणि प्रत्येक निप्पलच्या मुळाशी पातळ तेलाचा एक थेंब सोडा. खोबरेल तेल नको, ते चिकट होऊन वाळू धरून ठेवतं. कोन-छर्‍यांचं हब दर महिन्याला उघडा आणि बोटीच्या इंजिनाला वापरतात तसलं, पाण्याने न धुपणारं ग्रीस भरा. ग्रीस राखाडी आणि करकरीत लागलं तर त्यात वाळू आहे: सगळं पुसून नवं भरा, वरून थर देऊ नका.

पावसाळ्यात सायकल उभी करणार असाल तर मृगाच्या आधी हे सगळं एकदा करून चाकं टांगून ठेवा.

१५. ट्यूबलेस करता येईल का?

जोडलेल्या स्टील रिमवर नाही. टायरची कड अडकवणारा उंचवटा तिथे नसतो आणि कमी हवेत वळताना ती सुटून सगळी हवा एकदम जाते. ट्यूबलेससाठी बनवलेल्या तयार रिमवर खुशाल करा. प्रत्येक चाकाला १२० ते १५० मिली सीलंट घाला. आपल्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं, तेव्हा पुन्हा घालावं लागतं. वजन कमी करायचं असेल तर ट्यूबवाल्यांनी २६×२.५ ते २.७ ची ट्यूब वापरून पाहावी. ती ताणून बसते आणि हलकी असते, फक्त काट्याला लवकर हार मानते.

१६. घरात जुन्या काळ्या सायकलच्या २८ इंची रिमा आहेत. किंवा मोटारसायकलची रिम चालेल?

दोन्ही नाही. २८×१½ च्या रिमचा बैठकीचा व्यास ६३५, फॅट टायरचा ५५९. मोटारसायकलची १९ इंची रिम ४८० च्या आसपास. मधला मार्ग नाही. जुन्या काळ्या सायकलचे स्पोकही लांब पडतात. कापून आटे पाडायचं मशीन असलेल्या दुकानातच ते कामाला येतील.

१७. व्ही-ब्रेक लावता येईल का?

साध्या व्ही-ब्रेकचे हात ६५ मिमी रिमभोवती पोचत नाहीत, आणि जोडलेल्या रिमची बाजू ब्रेक घासायला पुरेशी सपाट नसते. डिस्कच घ्या, केबलवर चालणारी. समुद्राकाठी तिची दुरुस्ती घरी होते. रोटरचे सहा बोल्ट ५ न्यूटन-मीटरच्या आसपास, समोरासमोर आवळा. डिस्कच्या चाकाला सरळ, न छेदता गुंफलेले स्पोक कधीही नकोत. ब्रेक लागताच हब रिमपुढे पिळलं जातं.

१८. मागच्या चाकाचे स्पोक तुटत राहतात. आणखी आवळू का?

कुठे तुटतात ते आधी पाहा. कोपरापाशी, हबच्या कानाजवळ तुटत असतील तर बहुतेकदा ते ढिले होते. चाक फिरताना खालचा स्पोक दर फेरीला सैल होतो आणि पुन्हा ताणला जातो. मुळातच ताण कमी असेल तर तो पूर्ण सुटतो, कोपर हलतं आणि तार वाकवून-वाकवून तोडावी तसं ते तुटतं. अशा वेळी त्या बाजूचे सगळे सारखे आवळा. एकटा नवा स्पोक घालून भागत नाही.

निप्पलच्या आट्यांपाशी तुटत असतील तर स्पोक आखूड आहेत किंवा निप्पल भोकात तिरकं बसतंय (प्रश्न ७). रिमचंच भोक चिरत असेल तर अती आवळलेत. वॉशर घाला, आणि चीर भोकाबाहेर ५ मिमी गेली असेल तर ती रिम काढून टाका.

१९. पुळणीवर कुठे आणि कधी चालवावी, म्हणजे चाकांना आणि इतरांनाही त्रास नको?

ओहोटीला, भरतीच्या रेघेखालच्या ओल्या वाळूवर. तिथे चाक कमी रुततं आणि हबपर्यंत लाट येत नाही. भरतीची ढोबळ वेळ कोळी बांधव तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पुळण बरीच उघडी पडते, पण पाणी परतही वेगाने येतं. भांगेच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, भरती-ओहोटी कमी असते तेव्हा) पट्टा अरुंद राहतो.

वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात आणि पिल्लं मे महिन्यापर्यंत निघतात. घरटी भरतीच्या रेघेच्या वर, कोरड्या वाळूत असतात, म्हणजे नेमकी जिथे फॅट टायर मिरवावासा वाटतो तिथे. त्या महिन्यांत कोरड्या पट्ट्यावर चाक घालू नका आणि रात्री दिवा लावून पुळणीवर फिरू नका. पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्राऐवजी भलतीकडे जातात.

२०. कमी हवेवर चालवलं की व्हॉल्व्ह तिरका होतो आणि मुळाशी ट्यूब फाटते. का?

ब्रेक आणि पेडलच्या जोराने टायर रिमवर थोडा थोडा सरकतो आणि ट्यूबला बरोबर ओढतो. व्हॉल्व्ह मात्र भोकात अडकलेला असतो. व्हॉल्व्हची नट घट्ट आवळली असेल तर पहिली त्याचीच मान जाते, म्हणून ती हातानेच, सैल ठेवा. भोकाची कड कानशीने गोल करा. मोटारसायकलसारख्या व्हॉल्व्हला ८.५ मिमीचं भोक लागतं, त्याहून मोठं असेल तर आतून रबरी वॉशर घाला. ट्यूबला टाल्कम पावडर लावा, पण टायरच्या कडेला आणि रिमच्या बैठकीला ती अजिबात लागू देऊ नका, तिथे घर्षणच हवं असतं. मग टायर आणि रिमवर मिळून खडूची एक आडवी रेघ ओढा आणि पाच किलोमीटर चालवा. रेघेचे दोन तुकडे १० मिमीपेक्षा जास्त सरकले असतील तर मागच्या चाकात १ पीएसआय वाढवा. तरीही सरकत असतील तर बैठकीचा परीघ कमी भरलाय, टेप घेऊन प्रश्न ५ कडे परत या.